पत्ता खालून वर

"आजोबा, सांगा बरं, मी कोण?"

हा प्रश्न माझा नव्हता. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला दुष्ट म्हणाल. तो माझ्या दोन मैत्रिणींचा होता. एकीला आम्ही वकील म्हणतो, कारण ती मीठ द्या म्हणतानासुद्धा मुद्दे मांडते. दुसरी चष्मिश. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर दोघी आमच्या घरी आल्या होत्या आणि आमच्यात तेव्हा एकमेकींना पैजा लावायची साथ आली होती.

"एवढी चारशे मुलांसमोर बोलून आलीस ना," वकील म्हणाली, "मग आजोबांना विचारून दाखव, मी कोण. आहे हिंमत? त्यांनी तुझं नाव सांगितलं तर तुझा भूगोलाचा नकाशा मी काढून देणार. नद्यांसकट."

दीड महिन्यापूर्वी मी वक्तृत्वाचा चषक जिंकला होता. त्याआधी हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा. चषकानंतर माझ्यात इतकी हवा भरली होती की वर्गात दिसेल त्या विषयावर मी मत द्यायची. मग आजोबांना एक प्रश्न विचारणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधत होते. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"चौकशीची खिडकी तीन नंबर," ते म्हणाले. "ही रजिस्टरची आहे."

वकील आणि चष्मिश पोट धरून हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. आजोबांनी शांतपणे गाठ मारली, दातानं सुतळी तोडली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, अंधार पडायच्या आत घरी जा हं. तुमच्या घरी वाट बघत असतील."

चष्मिशनं चष्मा काढून पुसायला घेतला. जाताना बुटांची नाडी बांधता बांधता वकील खाली मान घालून म्हणाली, "नकाशा तरी काढून देते."

मला नकाशा नको होता.

माझे आजोबा म्हणजे बाबांचे वडील. चौतीस वर्षं पोस्टमन होते. सकाळी टपाल कचेरीत बसून आपली पत्रं आपल्या क्रमानं लावायची आणि मग ती पिशवीत भरून बीटवर निघायचं. बीट म्हणजे एका पोस्टमनचा ठरलेला रस्ता. कुठल्या घरापासून सुरुवात, कुठल्या कोपऱ्यावर वळायचं, कुठे संपवायचं, सगळं पायांना पाठ. आजोबांची बीट आमच्याच भागातली होती आणि तिचं शेवटचं घर आमचं होतं. "शेवटच्या घराची पत्रं तळाशी," ते सांगायचे. "दिवसभर सगळ्या गावाची पत्रं पांघरून झोपतात लेकाची."

मी चार वर्षांची असताना आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत जायची आणि बाबा जमिनी मोजायला गावोगाव फिरायचा. त्यामुळे माझी सकाळ आजोबांच्या टेबलाखाली जायची. तिथला वास मला अजून येतो: डिंक, ओली पिशवी, वितळलेली लाख आणि कुणाच्या तरी डब्यातलं लोणचं. वरून शिक्क्यांची ठपठप चालू असायची. कधी कधी आजोबा वाकून माझ्या मनगटावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का उठवायचे. "आजची ताजी आहेस. उद्या शिळी होशील." मी दुसऱ्या दिवशी नवा शिक्का घेतल्याशिवाय पाय हलवायची नाही.

मी वाचायला शिकले तीसुद्धा पाकिटांवरून. बोट ठेवून मोठ्यानं नाव वाचायला लागले की आजोबा पाकीटच उलटं धरायचे. "चूक. पत्ता खालून वर वाचायचा. आधी गाव. मग रस्ता, मग इमारत, मग मजला, मग दार. नाव सगळ्यात शेवटी. पावसात नाव धुऊन गेलं तरी घर सापडतं. नुसतं नाव घेऊन निघालीस तर जन्मभर फिरत बसशील."

माझं नाव त्यांनी स्वतःही कधी फारसं घेतलं नाही. ते मला भोंगा म्हणायचे. मी जन्मले तेव्हा दवाखान्याच्या खालच्या मजल्यावरचा केसपेपर काढणारा माणूस वर बघायला आला होता म्हणे, एवढा माझा आवाज. मधली काही वर्षं शाळेत हा भोंगा बंद पडला होता, पण घरात त्यांच्यासमोर तो नेहमी चालू असायचा.

आणखी एक आठवण सांगते, ती पुढे लागणार आहे. आजोबांच्या शेजारच्या टेबलावर लंबूकाका बसायचे. त्यांना कावीळ झाली आणि ते दीड महिना घरी होते. मी काळजीनं विचारलं, "आता त्यांच्या गल्लीतल्या लोकांना पत्रं नाही मिळणार?" आजोबा इतके दचकले, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "मिळणार तर! बीट कधी बंद पडते होय? माणूस आजारी पडला की त्याची बीट वाटून घ्यायची. दोन गल्ल्या मी, दोन हा, एक तो. उशिरा पोचतं, पण पोचतं."

आता हेच आजोबा आमच्या घरात वस्तू हरवायचे.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. आधी नावं गेली, मग वार गेले, मग आंघोळ झाली की व्हायची आहे ते. मग घरातल्या वस्तू जायला लागल्या. आईचा चष्मा. बाबाचं ओळखपत्र. टीव्हीचा रिमोट. माझ्या केसांचा चाप. वक्तृत्वाचं प्रमाणपत्र तर घरी आल्याच्या चौथ्या दिवशी गायब! आई गाद्या उचलायची, पिठाच्या डब्यात हात घालायची, धुण्याचं यंत्र हलवून मागे बघायची. "अण्णा, कुठे ठेवलंत?" (आई-बाबा त्यांना अण्णा म्हणतात.) त्यावर त्यांचं एकच उत्तर. "पोचलं."

"कुठे पोचलं, अण्णा?"

"पोचलं म्हणजे पोचलं. शंका घेऊ नका बाई."

रोज दुपारी साडेचारला ते फेरी मारायला बाहेर पडायचे आणि सहाच्या आत परत यायचे, त्याची कुणाला काळजी नव्हती. पण महिन्यापूर्वी एका आठवड्यात दोनदा ते आलेच नाहीत. एकदा बेकरीवाले त्यांना हाताला धरून घेऊन आले. दुसऱ्यांदा ते भर रस्त्यात, मधल्या दुभाजकावर बसलेले वाहतूक पोलिसाला सापडले. त्या दिवसापासून आमच्या दाराला वरच्या बाजूला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली आईच्या कमरेला.

शनिवारी संध्याकाळी, मैत्रिणी गेल्यावर, जेवणाच्या टेबलाशी बाबा एक फॉर्म भरत बसला होता. शहराबाहेर अशा आजाराच्या लोकांना ठेवून घेणारं एक केंद्र आहे. तिथे एक खोली रिकामी झाली होती. रविवारी जाऊन बघायची आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं. नाहीतर ती यादीतल्या पुढच्याला.

"'रुग्ण घराबाहेर भटकतो का?'" बाबानं वाचलं आणि 'हो' वर खूण केली.

"ते भटकत नाहीत," मी म्हणाले. "ते कुठेतरी जातात."

"कुठे?"

मला माहीत नव्हतं. तरीही मी बोलायला लागले, कारण न बोलायची सवय सुटली होती. आपली माणसं, कर्तव्य, उतारवय, सगळं. व्यासपीठावर जमलं होतं तसंच. आईनं मला अडीच मिनिटं बोलू दिलं. मग तिनं कुर्त्याची बाही वर केली. दंडावर चार बोटांचे निळे वळ होते.

"तू शाळेत असतेस गं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हेच वाईट. "दुपारी त्यांचे ओले कपडे बदलायला गेले की ते म्हणतात, बाई, तुम्ही कोण, हात लावू नका. अठरा वर्षं सून आहे मी त्यांची. नोकरी सोडली, झोप सोडली. आता भाषण ऐकायचंही माझ्याच नशिबी?"

मी खाली बसले. चषक मागच्या फळीवर चकाकत होता. मला त्याच्यावर टॉवेल टाकावासा वाटला.

रविवारी तीन वाजता दोघं निघाले. आईनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटून वर स्वतःचा हात दाबला. "दार उघडायचं नाही. काहीही म्हणाले तरी. शपथ नको, नुसतं हो म्हण."

"हो."

साडेचारला आजोबा खुर्चीतून उठले. घड्याळाकडे त्यांनी बघितलंही नाही. सदऱ्याची सगळी बटणं लावली, अगदी गळ्याजवळचंसुद्धा. कानावर पेन्सिल. कालचा तो सुतळीनं बांधलेला गठ्ठा काखेत. दाराशी जाऊन त्यांनी मूठ फिरवली. दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. ते ओरडले असते, लाथा मारल्या असत्या, तर मी किल्ली संडासात टाकून टीव्ही लावला असता, खरंच सांगते. पण ते दारासमोर नुसते उभे राहिले, शाळेत वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"लोक खोळंबतील," ते दाराला म्हणाले.

कालची पैज मैत्रिणींनी लावली होती. आजची माझी मीच लावली. आजोबा कुठे जातात ते मला बघायचं होतं, कारण ते मला आई-बाबांना सांगता यायला हवं होतं. उद्या संध्याकाळच्या आत. मी कुलूप उघडलं, चपला घातल्या आणि त्यांच्या मागे निघाले. फोन टेबलावरच राहिला. मी किती हुशार आहे ते यावरून कळावं.

तीन मजले निळ्या जिन्यानं उतरले ते कठड्याला न धरता. तळमजल्यावर भिंतीला सगळ्या घरांच्या लाकडी टपालपेट्या आहेत, धुळीनं माखलेल्या. हल्ली बिलंसुद्धा फोनवर येतात, त्या पेट्या कोण उघडतंय! आजोबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रस्त्यावर आल्यावर तर मला पळावं लागलं. घरात स्वयंपाकघरापर्यंत पाय ओढत जाणारा माणूस इथे टाचा वाजवत चालला होता.

ते शिंप्याच्या दुकानापाशी थांबले. दोन श्वास. पुढे निघाले. कोळशाच्या जुन्या वखारीपाशी, जिथे आता गाड्या धुतात, थांबले. पुढे. एका बंद बंगल्याच्या फाटकाशी वाकून म्हणाले, "कुत्रा बांधलाय ना?" आणि कुणी उत्तर दिल्यासारखी मान हलवली. बेकरीवाल्यांनी काउंटरमागून हात केला.

"अरे, आले का! तीन आठवडे पत्ता नाही. रोज पाच वाजता माझ्या दारात हजर. मी यांच्यावर घड्याळ लावायचो. तू नात ना?"

"हो."

"यांना सांग, माझं घड्याळ मागे पडलंय."

रोज! पाच वाजता! मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. हे भटकणं नव्हतंच. ही बीट होती. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी ते रोज दुपारी आपली बीट करून येत होते, आणि आमच्या घरात ते एकालाही माहीत नव्हतं.

टपाल कचेरीच्या जागी आता व्यायामशाळा आहे. काचेच्या आत दहा-बारा माणसं सरकत्या पट्ट्यांवर घामाघूम होऊन धावत होती. आजोबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "इतके धावताहेत," ते मला म्हणाले, "आणि एकाच्याही हातात पत्र नाही." मी इतक्या जोरात हसले की आतला एकजण पट्टीवर अडखळला. वाटलं, जिंकले मी. आता घरी जाऊन सांगायचं आणि फॉर्म टराटरा फाडायचा.

तिथून पुढच्या चौकात माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कोपऱ्यावर पूर्वी औषधांचं दुकान होतं, हिरव्या फळ्यांचं. महिन्यापूर्वी रस्ता रुंद करायला ते पाडलं. आजोबा त्या मोकळ्या जागेपाशी आले आणि त्यांचा पाय अर्धवट उचललेला तसाच राहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दुकान असतं तर ते वळले असते. दुकान नव्हतं, तर वळणार कुठून?

"इथलं घर कुठे गेलं?" ते म्हणाले. "इथे घर होतं."

आणि ते सरळ रस्त्यात उतरले. गाड्यांचे भोंगे वाजले. मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. त्यांनी माझा दंड आवळून मला बाजूला झटकलं, आईच्या दंडावरचे वळ कसे आले ते मला तेव्हा समजलं. "सोडा! कोण तुम्ही? माझं टपाल घेऊन पळायचंय तुम्हाला!" गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून ते दुभाजकाच्या कडेला खाली बसले. तोच दुभाजक. म्हणजे त्या दोन्ही वेळेला ते इथेच अडकले होते. सगळी बीट त्यांच्या पायांत शाबूत होती, फक्त एक कोपरा कुणीतरी कापून नेला होता.

फोन नव्हता. माणसं बघत होती. चारशे मुलांसमोर उभं राहणं याच्यापुढे काहीच नव्हतं. "आजोबा, मी आहे, मी! मी कोण सांगा ना!" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण काल हेच विचारून झालं होतं. आणि मग मला टेबलाखालून दिसणारं उलटं पाकीट आठवलं.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. व्यासपीठावरचा आवाज काढला, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा.

"पोस्टमनकाका, एक घर सापडत नाहीये. पत्ता सांगू?"

त्यांनी मान वर केली. पाठ ताठ झाली. हात कानावरच्या पेन्सिलकडे गेला.

"खालून वाचा," ते म्हणाले.

"गाव हेच."

"हं. रस्ता?"

"बेकरीचा."

"बेकरीच्या अलीकडे की पलीकडे? नीट सांगा, लोक अर्धवट सांगतात आणि आमच्या नावानं ओरडतात."

"पलीकडे. शाळेची भिंत संपते तिथे."

"इमारत?"

"निळ्या जिन्याची."

"मजला?"

"तिसरा."

"दार?"

"उजवीकडचं. दाराला पितळी कडी..."

"सैल आहे ती," आजोबा म्हणाले. "दोनदा वाजवावी लागते. नाव?"

ते वाट बघत राहिले, पेन्सिल हवेत धरून. मी त्यांच्या डोळ्यांत इतकी खोल बघत होते की मला स्वतःचा चेहरा दिसला, लहान, दोन वेळा. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. शोधत होते ते, प्रामाणिकपणे. मग आठ्या गेल्या.

"नाव राहू द्या. घर माहितीये मला. माझं शेवटचं घर आहे ते." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "चला ताई, मी तिकडेच निघालोय. दुकान नाहीसं झालंय, पण शाळेची भिंत कुठे पळून जात नाही. भिंतीकडेनं जाऊ."

रस्ता ओलांडताना मी हात पुढे केला. त्यांनी धरला. अख्खी भिंत ते मला सांगत आले, कुठल्या घरी पत्र द्यायला गेलं की पाणी विचारतात आणि कुठल्या घरी नुसते पडदा सरकवून बघतात. त्यातली अर्धी माणसं आता नाहीत. मी 'हो का' म्हणत राहिले. पाच वर्षांची असताना म्हणायचे तशी.

निळ्या जिन्याच्या तळाशी ते पेट्यांसमोर उभे राहिले. गठ्ठ्याची सुतळी सोडली. वर्तमानपत्राच्या घड्यांमधून एकेक वस्तू निघाली, प्रत्येक नीट कागदात गुंडाळलेली. रिमोट. आईचा वाचायचा चष्मा. एक चमचा. सगळ्यात खालच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या पेटीच्या रुंद फटीतून त्यांनी त्या आत सोडल्या. खट, खट, खट. ती आमची पेटी होती.

"पोचलं," ते म्हणाले.

वर दार सताड उघडं होतं. आई-बाबा आले होते. बाबा फोनवर कुणाला तरी आजोबांच्या सदऱ्याचा रंग सांगत होता आणि चुकीचा सांगत होता. आई भिंतीला टेकून उभी, चेहरा पांढराफटक. आजोबांनी उघड्या दाराची कडी दोनदा वाजवली.

"ही मुलगी तुमची ना?" ते आईला म्हणाले. "वाटेत भेटली. पत्ता तोंडपाठ आहे तिला. आणि आवाज असा, की म्हटलं याच घरातली असणार. पूर्वी इथे असाच एक भोंगा होता." त्यांनी वर्तमानपत्राचा कोपरा फाडून आईपुढे धरला, वर पेन्सिल. "सही करा."

आईनं माझ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. मग तिनं कागद दारावर टेकवला आणि सही केली. पूर्ण नाव, लफ्फेदार, बँकेत करते तशी. आजोबांनी ती निरखून पाहिली.

"सुवाच्य," म्हणाले आणि आत जाऊन बूट काढू लागले.

पुढची दहा मिनिटं मी ओरडा खाल्ला. यथेच्छ खाल्ला आणि तो रास्तच होता. बाबा म्हणाला की त्या चौकात काय होऊ शकलं असतं याची मला कल्पना आहे का. मला होती. त्याच्यापेक्षा जास्त होती. आईनं नुसता किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि म्हणाले, "राहिलेलं नंतर ओरडा. आधी खाली चला. बाबा, स्क्रू-ड्रायव्हर घे."

पेटीचं कुलूप गंजलं होतं. बाबानं बिजागरीच काढली आणि आतलं सगळं त्याच्या पायावर कोसळलं. आईचे तीन चष्मे. बाबाचं ओळखपत्र. माझे चाप, पाच. नेलकटर. पाहुण्यांसाठीचे चमचे. माझं प्रमाणपत्र, चौघडी घातलेलं. एकही वस्तू शेजाऱ्यांच्या पेटीत गेली नव्हती. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं आमचा पत्ता होता, तिसरा मजला, उजवीकडचं दार, सगळं बरोबर. फक्त वरची ओळ, नावाची, कोरी.

आई जिन्याच्या पायरीवर बसली आणि एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर लावून हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं. "पिठाच्या डब्यात शोधलं रे मी," ती बाबाला म्हणत होती. "पिठाच्या डब्यात!"

संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. आजोबा आत झोपले होते, चालून दमले होते. बाबा म्हणाला की केंद्र चांगलं आहे, स्वच्छ आहे, माणसं प्रेमळ वाटली. आई टेबलावरचे चष्मे एका ओळीत लावत होती. "त्या खोलीत बिछाना घातलेला होता," ती म्हणाली. "खिडकीतून वारा येत होता. खरं सांगू? मलाच तिथे झोपावंसं वाटलं."

मी फॉर्म ओढून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारल्या. दोघं बघत राहिले. सात रकाने भरून झाल्यावर मी उभी राहिले. उभं राहिल्याशिवाय मला अजून नीट बोलता येत नाही.

"आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या केंद्राला कळवायचं की आत्ता नको. कधीच नको असं मी म्हणत नाहीये. आपल्याला जमेनासं झालं की हा फॉर्म पलटायचा, तो मी स्वतः नेऊन देईन. पण लंबूकाकांना कावीळ झाली तेव्हा त्यांची बीट बंद केली नव्हती, वाटून घेतली होती. सकाळचे कपडे शाळेआधी मी आणि बाबा बदलणार. साडेचार ते सहा आई मोकळी, झोप नाहीतर प्रयोगशाळेत जा, मला विचारायचंसुद्धा नाही. मंगळवार-गुरुवार माझी वक्तृत्वाची तालीम असते म्हणून ते दोन दिवस बाबाचे, कार्यालयात काय सांगायचं ते तू बघ. रविवारी टपालाला सुट्टी असते, पण आजोबांना वार कळत नाहीत, म्हणून रविवारी सगळ्यांनी जायचं. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर हात धरायचा, बाकी ठिकाणी मध्ये मध्ये करायचं नाही. उद्या साडेचारची बीट माझी. बाबा, परवाची तुझी."